बसायचं काम

सर,

काल आईने पुन्हा तुमचा उद्धार केला. निमित्त नेहमीचंच, पाठ. सकाळी अंथरुणातून उठताना कमरेत उसण भरली आणि चहाचा कप हातात पडताच तिची गाडी सुरू झाली, "तुना सरनी मनं बसानं काम काढी लिधं. नही ते मनी पाठ आशी व्हती का?" मी म्हटलं, अगं, त्यांना जाऊनही जमाना झाला. तर म्हणे, "जावोत. मनी पाठ ते आठेच शे ना!" ती आता धुळ्याला माझ्याकडेच असते. आज रविवार, घरात शांतता आहे, म्हणून म्हटलं एकदा तुम्हाला हे सगळं लिहून टाकावं. तुम्ही असतात तर तोंडावर बोलले असते की नाही, शंका आहे. तुमच्यासमोर माझी जीभ फक्त एकदाच सैल सुटली होती आणि तो दिवस तुम्हालाही आठवत असेल.

आई जळगावला त्या डाळमिलमध्ये लागली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. चाळणीपाशी उभं राहायचं, नाहीतर जमिनीवर ओणवं बसून डाळ निवडायची, हे तिचं काम. तुरीच्या दिवसांत तिच्या भुवया पिवळट दिसायच्या, उडदाच्या दिवसांत काळपट. बाया नाकावर पदर बांधायच्या, पण तो बोलण्यासाठी सारखा खाली यायचा, आणि बोलल्याशिवाय दिवस कसा जाणार? संध्याकाळी ती अंगणातच लुगडं झटकायची. खोकला ऐकू आला की आई आली, हे आम्हाला आतून कळायचं. तिच्या जोडीला एक बाई होती, तिच्याच गावाकडची, शिंदखेड्याजवळची. तिला पुढे पुढे मिलच्या तीन पायऱ्या चढतानाही मध्ये थांबावं लागायचं. मग तिने यायचं सोडलं आणि काही महिन्यांनी आई तिच्या दहाव्याला जाऊन आली. आल्यावर ती खोकत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या आवाजाची भीती वाटली.

मी तुमच्या हाताखाली शेवटच्या वर्षाला आले त्या उन्हाळ्यात मिलच्या मागच्या गल्लीतल्या बायकांनी दंगा केला. गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबडे-पापडांवर डाळीच्या धुळीचा थर बसला होता. तक्रार वर गेली, शेठला नोटीस आली आणि तो आपल्या कॉलेजात तुम्हाला शोधत आला. तुम्ही मला बोलावून म्हणालात, "तुझी आई तिथेच ना? मग हा प्रकल्प तूच कर." मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली दोघीच. मुलं म्हणाली, हिला डाळ निवडायचाच प्रकल्प मिळाला. तुम्ही ऐकलंत आणि खडू फेकून मारलात, तो नेमका मला लागला.

सायक्लोन म्हणजे काय ते तुम्ही फळ्यावर न शिकवता मैदानात नेऊन शिकवलंत. भर उन्हात एक वावटळ कागद, पाचोळा गरगरवत चालली होती. "ही पत्र्यात कोंडायची," तुम्ही म्हणालात. "वर रुंद, खाली निमुळतं असं नरसाळं. धुळीची हवा आत घुमली की धूळ कडेला आपटून खाली पडते, हवा वरून निघून जाते. खाली गोणी लावली की झालं." मला ते इतकं सोपं वाटलं की हे आजवर कुणी केलं कसं नाही याचाच राग आला. धूळ मोजायला कॉलेजात काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, घरून ताटं आण. मी आईची स्टीलची ताटं नेली, ज्यांच्या कडेवर दुकानदाराने तिचं नाव टाकून दिलेलं होतं. त्याच नावाशेजारी तुम्ही पंच ठोकून आकडे टाकलेत. चक्कीपाशी एक, चाळणीपाशी एक, खिडकीत एक, गच्चीवर एक. दिवसभरात ताटात बसलेली धूळ पिसाने गोळा करायची आणि रसायनशास्त्राच्या तराजूत तोलायची. आई हसून हसून बेजार झाली. "ताट मनं, अन जेवस कोण? धूळ!" ताटांवर ठोकलेले आकडे पाहिल्यावर मात्र ती हसली नाही. नाव टाकलेली ती ताटं तिला माहेरून आलेली होती, त्यांवर कुणी घाव घालावा हे तिला अजून पटलेलं नाही.

शेठला सायक्लोन बसवायला तुम्ही राजी कसं केलंत ते मला आवडलं नव्हतं. तुम्ही त्याला सांगितलंत की हवेत उडून जाते ती सगळी चुनी आहे, गोणीत पडली तर ढोरांच्या खाद्यात विकली जाईल. मी बाहेर आल्यावर विचारलं, "सर, बायांच्या छातीचं काहीच नाही बोललात?" तुम्ही स्कूटरला किक मारता मारता म्हणालात, "छातीचं सांगितलं तेव्हा त्याने चहा मागवला. चुनीचं सांगितलं तेव्हा त्याने मिस्त्री बोलावला." आज इतक्या कारखान्यांत फिरून मला कळतं की हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे. तेव्हा मला ते व्यापारी वाटलं होतं.

सायक्लोन बसला आणि खरंच चालला. गच्चीवरचं ताट संध्याकाळी जवळजवळ स्वच्छ निघालं, चक्कीपाशीही फरक डोळ्यांना दिसत होता. मागच्या गल्लीतल्या बायकांनी आईला बोलावून बिबडे दिले. शेठ खूश झाला, आणि खूश झाला म्हणून त्याने आईवर मेहेरबानी केली. आई घरी आली ती उड्या मारतच. "शेठनी माले मुद्दाम दिधं हाई काम. तुनी पोर इंजिनेर व्हई राहिनी, आते तू बशीसन काम कर म्हणे." सायक्लोनच्या खाली एक लाकडी खोका ठेवला होता, त्यावर बसायचं, तोंडाला गोणी धरायची, भरली की हलवून दाबायची, बांधायची, दुसरी लावायची. तिच्या सगळ्या आयुष्यातलं हे पहिलं बसायचं काम. घरात पेढे आले. एक पुडा मी तुमच्याकडेही घेऊन आले होते, तुम्ही दोन पेढे एकदम तोंडात टाकलेत.

मग तुम्ही शेवटचं मोजमाप बघायला मिलमध्ये आलात. मी ताटं गोळा करत होते, वळून बघते तर तुम्ही सायक्लोनपाशी उभे. आई गोणी हलवत होती आणि प्रत्येक हिसक्यासरशी धुळीचा लोट तिच्या तोंडावर येत होता. पापण्यांवर, ओठांवर, कानांच्या पाळ्यांवर पिठाचा थर. सगळ्या मिलची धूळ आपण गोळा केली होती आणि तिच्या मांडीवर आणून टाकली होती. तुम्ही तिला म्हणालात, "अक्का, जरा उठता का," आणि स्वतः त्या खोक्यावर बसलात. ती घाबरली. "सर, तुम्ही कसाले बठनात आठे? उठा, बठ्ठा कपडा खराब व्हई जातीन." तुम्ही गोणी धरली, हलवली, बांधली, दुसरी लावली. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तुम्ही उठला नाहीत. शेठ दारात येऊन बघून गेला. उठलात तेव्हा तुमच्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या, तुम्ही खोकत होता आणि तो खोकला मी घरी रोज ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वर्कशॉपमध्ये उभं केलंत. "ताटं कुठे कुठे ठेवली होती?" मी सांगितलं. "गोणीपाशी?" मी म्हटलं, सर, तेव्हा तिथे कुणी बसतच नव्हतं. "आता बसतं," तुम्ही म्हणालात. "धूळ यंत्रापाशी मोजायची नसते, नाकापाशी मोजायची असते. हे मी शिकवायला हवं होतं, मी चुकलो." आणि माझ्या अहवालावरचा 'पूर्ण' हा शब्द तुम्ही लाल पेनने खोडलात. तो अहवाल पुण्याला स्पर्धेत जायचा होता. तिथे कंपन्यांचे लोक येणार होते, निवडलेल्यांना नोकरी मिळायची, आणि आमच्या घरी त्या नोकरीची वाट सगळे बघत होते. मी तुमच्यावर ओरडले. चूक तुमची आणि माझं वर्ष का, असं विचारलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुझी आई तिथे बसली असताना हा कागद पुण्याला पाठवू? तू पाठवशील?" मी अहवाल उचलून निघून आले. उत्तर मला माहीत होतं, त्याचाच जास्त संताप होता.

उपाय तुम्ही दोन दिवसांत काढलात. मंडपवाल्याकडून जाड कापड आणून सायक्लोनच्या तोंडाला शिवलेली लांब बाही, खाली गोणीभोवती आवळायचा पट्टा आणि वर सरकवायची पत्र्याची झडप. गोणी बंदच्या बंद भरायची, लोट उठायचा प्रश्नच नाही. फक्त आता तिथे कुणी बसायची गरजही उरली नाही. हमालाने येताजाता गोणी बदलली की काम झालं. हे सगळ्यांत आधी आईच्या लक्षात आलं. ती आपल्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, धुतलेलं लुगडं नेसून, आणि तुम्हाला म्हणाली, "सर, खोकला ते जुना शे. त्यानं काय घेनं नही. पन मनं बसानं काम काढू नका." तुम्ही तिला वर्कशॉपच्या बाकावर बसवलंत, पाणी दिलंत. मला वाटलं आता तुम्ही विरघळणार. मनातून मीही तेच म्हणत होते, कारण रात्री तिची पाठ चोळायची पाळी माझी असायची. तुम्ही म्हणालात, "अक्का, तुमच्या गावाकडच्या त्या बाई मिलच्या पायरीवर थांबायच्या ना, त्या मी कॉलेजला जातायेता पाहिल्यात. तुम्हाला तसं थांबलेलं मला बघायचं नाही." आई पाण्याचा ग्लास खाली ठेवून निघून गेली.

शेठला तुम्ही काय सांगितलंत तेही मला माहीत आहे. या बाहीने एक मजूर वाचतो, असं. दुसरं काही त्याच्या कानात शिरलं नसतं. वाचलेला मजूर म्हणजे आई. तिला कामावरून काढायचं नाही एवढं तुम्ही त्याच्याकडून कबूल करून घेतलंत, पण ती परत जमिनीवर ओणवी, डाळ निवडायला. तिचा राग तुम्हाला कळत होता. म्हणून तुम्ही वर्कशॉपमध्ये लोखंडी खुर्ची बनवलीत, कमरेला टेकू असलेली, पुढे डाळीचं सूप ठेवायला फळी असलेली, आणि स्वतः हातगाडीवर घालून मिलमध्ये पोचवलीत. तुमच्या एवढ्या हुशारीत एक गोष्ट बसली नाही, सर. शेठ सारखा हिंडत असताना कुठली बाई खुर्चीवर बसेल? खोका ही खुर्ची नव्हे, म्हणून तो चालला होता. आईने ती आठवडाभर रिकामी ठेवली आणि मग घरी आणली. तिच्यावर माठ ठेवला. जळगावच्या खोलीतून ती धुळ्याच्या घरात आली, तीनदा रंगली आणि माठ अजून तिच्यावरच आहे.

नवी मोजणी होईपर्यंत स्पर्धेची तारीख उलटली आणि पुण्याची नोकरी गेली. वर्षभराने मला इथेच एका कारखान्यात काम मिळालं, धूर-धुळीचीच देखरेख. तुम्ही पाचोऱ्याला बहिणीकडच्या लग्नाला गेलात आणि मांडवातच गेलात, ते मला तिसऱ्या दिवशी समजलं. मी तुमच्याशी नीट बोलायला येणारच होते. आईला सांगितलं तर तिने हातातलं काम टाकलं. "चांगला माणूस व्हता," म्हणाली, "पन माले पुसाले पाहिजे व्हतं." तुम्ही तिला विचारलं नव्हतंत, हे तिचं खरं आहे. विचारलं असतंत तर तिने काय सांगितलं असतं, तेही आपल्याला माहीत होतं. यात कोण बरोबर ते मी ठरवायचा नाद सोडला आहे. कामावर नवीन मुलं मीटर घेऊन यंत्राशी उभी राहिली की मी त्यांना हाताला धरून माणसापाशी नेते. ही सवय कुणाची, ते त्यांना ठाऊक नाही.

आता एक सांगते आणि पत्र ठेवून देते. काल आईने फक्त पाठ धरली होती. तुमचं नाव मी काढलं. मी हे नेहमी करते. बरेच दिवस ती तुमच्यावर बोलली नाही की मला चैन पडत नाही, मग मी ताटावरच्या आकड्याचा नाहीतर खुर्चीचा विषय काढते. ती पेटते. सरनी काम काढी लिधं, सरनी ताट खराब करं, सरनी खुर्ची दिधी ती माठना कामनी, शेठ किती चांगला व्हता, अन तू पन त्याच सरनी! ऐंशीच्या घरातली बाई, एका दमात, कुठे न थांबता, एकदाही न खोकता, पार शेवटपर्यंत. मी समोर बसून ऐकते.

ती उठली वाटतं, आत माठाचं झाकण वाजलं. आज विचारणार आहे, सरांची खुर्ची भंगारात देऊन टाकू का?