ताईची सही

लातूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. अश्वजितास, ताईचा सप्रेम जयभीम.

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. काल पतसंस्थेची नोटीस आली. नांदेडच्या कुण्या अनयनं फ्लेक्स छपाईच्या मशीनसाठी कर्ज उचललं, हप्ते थकवले, आणि जामीनदार म्हणून सही तुझ्या दाजींची. माझ्या नर्सच्या पगारातून हे घर उभं राहिलं, ते दोघांच्या नावावर केलं, आणि मलाच पत्ता नाही. विचारलं तर म्हणतात, अश्वजितला विचार. पतसंस्थेला आता मुदतवाढीसाठी घर तारण हवंय, त्या कागदावर माझीही सही लागते. कॉलेज अर्ध्यात सोडलंस तेव्हा काही बोलले नाही. आता खरं लिही. जेवत जा.

तुझी लुंबिनीताई

नांदेड, ८ फेब्रुवारी

ती. ताईस, सप्रेम जयभीम वि. वि.

दाजींवर चिडू नको, मीच त्यांना घेऊन गेलो होतो. अनय हा देविकाचा भाऊ. देविका विष्णुपुरीच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी कॉलेज सोडलं तरी तिनं मला सोडलं नाही. अनय म्हणाला, मशीन येऊ दे, घरात तुमच्या लग्नाचं मीच काढतो. दाजी कचरत होते. मग त्यानंही त्यांना दाजी म्हणून हाक मारली, आता तुम्ही आमचेच म्हणाला, अन् ते विरघळले. तुला सांगू नका, हे मीच म्हणालो.

तू सही करून टाक. चार महिन्यांत तो सगळं भरतो, देविकानं शपथ घेतलीय. तू अडून बसलीस तर तिचं दुसरीकडं जमवतील. माझ्याच वेळेला तुला कायदा सुचतो. रागात लिहून राहिलो, पण माया कमी करू नको.

तुझा अश्वजित

लातूर, १४ फेब्रुवारी

चि. अश्वजितास,

सही करणार नाही. वकीलबाईंना भेटले. माझा हिस्सा माझ्या सहीशिवाय तारण जात नाही. दाजींच्या हिश्श्यासाठी लढावं लागेल. आधी अनयचं मशीन जप्त करा, असा अर्ज पतसंस्थेत दिलाय.

दाजी म्हणाले, त्या पोरानं नात्यानं हाक मारली, नाही म्हणवलं नाही. मी म्हटलं, मलाही बायको म्हणता, मग मला विचारवलं का नाही?

जिला तू हवास, तिला माझं घर कशाला हवं? विचार तिला.

ताई

नांदेड, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,

विचारावं लागलं नाही. देविका काल बसस्टँडसमोरच्या हॉटेलात भेटली. उमरीला एका दुकानात कामाला लागलो, हे तिला सांगायचं होतं. बसायच्या आधीच तिनं विचारलं, ताईंनी सही केली का. मी न्हाई म्हणालो. तिनं पर्स उचलली अन् गेली. चहा मग आला, दोन कप. दोन्ही मीच प्यालो.

दाजींना मीच गळ घातली, हे वकीलबाईंना लिहून देतो. उद्याच्या गाडीनं येतो. तू सही करू नको. ती पुन्हा बोलायला लागली अन् मी रडत तुझ्या दारात आलो, तरी करू नको.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

अश्वजित