तांबड्यावरचे तांबडे

रत्नागिरी

प्रिय उमेर,

तो बैल तू काढलेला नाहीस. हे वाक्य लिहिण्यासाठी मी किती महिने थांबले होते! आज ते पुराव्यानिशी लिहिते आहे, म्हणून आरंभीच लिहिते.

देवरूखजवळच्या कपारीत तुला ते प्राचीन चित्र सापडले आणि तू चित्रकलेचा शिक्षक, म्हणून ते तूच रंगवलेस हे लोकांना फार सोयीचे वाटले. त्यातच पहिल्या तपासणीत रंगात टायटॅनियम आढळले. टायटॅनियम म्हणजे आजचा डबाबंद रंग, असा निष्कर्ष काढून ते तज्ज्ञ परतीच्या गाडीत बसलेसुद्धा, आणि शाळेने तुला घरी बसवले. बैलाशेजारच्या कोऱ्या दगडावर त्यांनी यंत्र एकदाही धरले नव्हते. आपल्या जांभ्या दगडात टायटॅनियम मुळातच असते. रंगाचा थर इतका पातळ, की यंत्राचे किरण तो ओलांडून खालचा दगडच वाचतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली, तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर उभे करते.

तुझे फोन मी घेतले नाहीत. बहीण रसायनशास्त्राची प्राध्यापक आणि आरोप भावावर. निकाल काहीही लागला असता, तरी लोकांनी त्याला नात्याचाच रंग दिला असता. म्हणून मी नमुन्यांना हात लावला नाही. कोऱ्या दगडाचाही नमुना घ्यावा, एवढा एकच आग्रह वारसा समितीकडे लेखी धरला. “आपा दगडाची झाली,” असे तू अम्मीला म्हणालास, ते माझ्यापर्यंत पोहोचले. अम्मी मात्र पहिल्या दिवसापासून निश्चिंत. शेजारणींना ऐकवत असे, “माझ्या उमेरच्या बैलाला चार पाय धड आलेत का कधी? हा तर कसा झकास उभा आहे!” तिची ही साक्ष अहवालाला जोडता आली नाही, याचा मला खेद आहे.

दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल काल आला. बैलात जेवढे टायटॅनियम, तेवढेच कोऱ्या दगडात. रंग म्हणजे कुटलेला गेरू. आधुनिक रंगातला चिकट पदार्थ औषधालाही सापडला नाही. आणि सर्वांत मोलाचे: बैलाच्या पाठीवरून शेजारच्या दगडापर्यंत खनिजाची पांढुरकी साय अखंड धरली आहे. ती धरायला हजारो वर्षे लागली, आणि चित्र तिच्याखाली आहे. वाचून मी चष्मा काढून ठेवला. चहा गार झाला, तरी तो तसाच प्यायले. मी! शाळेचे दिलगिरीपत्र तुला मिळेलच. त्यातल्या शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही.

एवढ्यासाठी फोन पुरला असता. पण जे मागायचे आहे ते फोनवर मला जमणार नाही. तू मस्कतला दुकानांच्या पाट्या रंगवायला निघाला आहेस, असे अम्मी सांगते. जाऊ नकोस. अहवालासोबत बैलाची हुबेहूब प्रतिकृती छापायची आहे. तांबड्या दगडावरचे तांबडे कॅमेऱ्याला नीट वेगळे करता येत नाही. ते दगडाला स्पर्श न करता, नजरेने मोजून, हातानेच कागदावर उतरवावे लागते. समितीने चित्रकार सुचवायला सांगितला, तेव्हा मी एकच नाव दिले. ज्या हातावर हा बैल काढल्याचा आळ आला, त्याच हाताने आता तो काढावा, आणि खाली तुझी सही असावी. मी शेजारी बसेन. पाय चारही धड आले पाहिजेत.

तुझीच,
चुका काढायला टपलेली
महरीन आपा