खोली, समुद्र, सकाळचा चहा

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. सकाळी ७.४०
नेमक्या या वेळी, माझ्याच अंगणात, माझा अपमान झाला. तीन रात्रींचं बुकिंग केलेले पुण्याचे जितेंद्र आणि दीपिका एका रात्रीत बॅगा उचलून निघून गेले. चहाला हातसुद्धा लावला नाही. वर साय धरलीय.

सकाळी ११
शांतपणे मुद्दे मांडते. माझ्या होमस्टेच्या लिस्टिंगमध्ये अनिशने, म्हणजे चिरंजीवांनी, बंगळुरूत बसून एवढंच लिहिलंय: खोली, समुद्र, सकाळचा चहा. कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस शिकवायच्या, कबूल कमी करा, द्या जास्त. कचेरीतली सगळी नोकरी मी त्याच शिस्तीने केली.

काल काय काय दिलं? घावणे. काळ्या वाटाण्याचं सांबार. सोलकढी. किनाऱ्यावर कंटाळतील म्हणून माझी खुर्ची घेऊन सोबत गेले. कुणकेश्वरला जाताना रस्ता चुकतील म्हणून गाडीत मागे बसले. वाटेत माझ्या बदल्यांची हकिगत सांगितली, रत्नागिरीपर्यंत. पुढची आज सांगणार होते.

आणि आजचं सरप्राइज. नवीन जोडपं, म्हणून वाडीतल्या भिकाजीला बोलावून अंगणात देवाला गाऱ्हाणं घातलं. नारळ माझा. होकार द्यायला वाडीतली माणसंही जमवली. भिकाजीने खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या जोडप्याच्या घरात पुढल्या वर्साक पाळणो हलांदे रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." दोघं दारात, अर्धवट झोपेत. दीपिका डोळे पुसत आत गेली. आनंदाश्रू. मला कळतात.

जितेंद्र हळूच म्हणाला, "काकू, आम्ही इथे फक्त गप्प बसायला आलो होतो."

गप्प बसायला मिठबावपर्यंत पेट्रोल जाळायचं.

शेजारची जानकी खोबरं चावत म्हणाली, "गो, तेंका झोपाक तरी दिलंस?" तिच्या घरात बारा महिने जत्रा. तिला पाहुण्यांचं काय कळणार.

१३ नोव्हेंबर
रिव्ह्यू आला. तीन स्टार. "खोली स्वच्छ. समुद्र जवळ. काकू प्रेमळ आहेत, पण एकटं सोडत नाहीत."
ही तक्रार आहे की प्रशस्तिपत्र, हेच ठरवता येत नाही या पिढीला.
दुपारी जेवले नाही. परवाचं सांबार संपेना.

१४ नोव्हेंबर
अनिशचा फोन. म्हणे, आई, लिहिलंय तेवढंच दे. घरात जाग राहावी म्हणून होमस्टे काढला, तुला त्रास व्हायला नको, नाहीतर बंद करू. मी म्हटलं, कमी देण्यातला तज्ज्ञ तू आहेस. गणपतीला पाच दिवस कबूल केलेस. गणपती पाच दिवस राहिला, तू दीड.
तो म्हणाला, मीटिंग आहे, ठेवतो.
लिस्टिंग बंद होणार नाही. निश्चय: पुढच्या गेस्टला खोली, समुद्र, चहा. एक शब्द जास्त नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार
कोल्हापूरहून आकांक्षा नावाची मुलगी येणार, एकटीच. किल्ली कुंडीखाली ठेवली. मी आत. गाडी वाजली, फाटक वाजलं. उठले नाही. खिडकीशी गेले ते पडदा सारखा करायला.
संध्याकाळी ती पायरीवर बसली होती. भिंतीच्या अलीकडे मी. खोकला आला, तो दाबला.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी सहाला थर्मासमध्ये चहा भरून दाराशी ठेवला आणि मागे वळून न पाहता परत आले. घावणे केले होते, ते सवयीने. दिले नाहीत. ती उन्हं चढल्यावर गेली. फाटक मात्र नीट लावून गेली. वळण चांगलं असावं. विचारायला हवं होतं, कुणाची कोण.
घावणे जानकीकडे पाठवले. मला एकटीला किती लागतात.

१८ नोव्हेंबर
पाच स्टार. माझा विजय.
"काकू एकदाही दिसल्या नाहीत. अगदी घरच्यासारखं वाटलं."

संध्याकाळी
वरील वाक्य अनिशला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, बघ, जमलं की नाही. पुढचं बोलायच्या आत त्याला दुसरा कॉल आला. तेव्हा आता तोंडी व्यवहार बंद. मसुदा खालीलप्रमाणे, उद्या पोस्टात.

प्रति, चि. अनिश. विषय: नाताळची सुट्टी.
आपण मिठबावला कधी आणि किती दिवस येणार, हे कळवावं. एकच दिवस कबूल केला तरी चालेल. जास्त राहिल्यास हरकत घेतली जाणार नाही. कुंडीखाली किल्ली ठेवली जाणार नाही, दार मी स्वतः उघडीन. गप्प बसायचं असल्यास तशी व्यवस्था होईल, मी शेजारी बसेन. उत्तर लेखी हवं, शुक्रवार, २९ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत. उत्तर न आल्यास पाच दिवस धरून घावण्यांचे तांदूळ भिजत घालण्यात येतील.