आशीर्वाद घेताना सुकाणू कोणी धरावे

तलास, किर्गिझस्तान, राजमा फुलोऱ्यावर असताना

परम दयाळू ईश्वराने ज्यांना उत्तम पद आणि दुखरी कंबर अशी दोन्ही दाने दिली, त्या जावई साबिरकुल यांस सासरे इस्मानाली यांचे आशीर्वाद. आमची लेक आणि आपले वैमानिक-विद्यालय सुस्थितीत असोत. येथे घोड्या दुभत्या आहेत. गुडघे वगळता मीही कुशल आहे.

नौरूजच्या मेजवानीत आपण म्हणाला होता, "बाबा, आता विमान आपलं आपण उडतं, वैमानिकानं फक्त जागं राहायचं." (माझ्यापुढे वडीलधाऱ्याच्या मानाचे मेंढ्याचे मस्तक वाढलेले असल्याने उत्तर राहून गेले.) आपली ही विद्या घेऊन आपल्याच विद्यालयात शिकणारी माझी नात, माझ्या मुलाची लेक बेगायिम, सुट्टीवर आली. राजम्यावर औषध फवारणारे जे दुपंखी विमान मी निवृत्तीपर्यंत चालवले, त्यात बसताच तिने नम्रपणे विचारले, "आजोबा, याचं स्वयंचलनाचं बटण कुठंय?" मी म्हटले, "बाळे, ते तूच."

आम्ही उडालो. (परवान्याची चौकशी करू नये, हल्लीचा वैमानिक बक्तियार मागे बसून तळलेले बोरसोक खात होता.) पोरीला सुकाणूवर पाहून माझे मन भरून आले आणि मी तळहात पसरून आशीर्वाद देऊ लागलो. वडीलधाऱ्याने हात पसरले की धाकट्यानेही पसरावेत, हा आपला संस्कार. तिने तत्काळ सुकाणू सोडले. मी तिच्यावर विसंबलो, ती विमानावर, आणि विमानाला विसंबायला कोणी उरले नाही. पंख कलू लागला. परंतु आशीर्वाद अर्धवट सोडणे अशुभ, म्हणून दीर्घायुष्याचे वाक्य मी यथाशक्ति घाईने उच्चारले. मागून बक्तियार भरल्या तोंडाने म्हणाला, "अक्साकल बाबा, आमीन मागाहून. आधी कुणीतरी धरा."

धरले तिनेच. त्या दिवशी आम्ही एकाच खेपेत उसळत उसळत तीनदा उतरलो. पण पोर रोज पहाटे धावपट्टीवर येऊ लागली, आणि गेल्या शुक्रवारी ती अशी टेकली की माझ्या वाडग्यातील घोडीच्या दुधाचे कुमिस हलले, सांडले नाही. यंत्रबुद्धी ही ईश्वराचीच देणगी, हे मी अमान्य करीत नाही. मात्र हातही त्यानेच दिले, आणि आधी दिले.

आपला शुभचिंतक,
इस्मानाली

ता. क. आमच्यावरील प्रेमापोटी हाताने विमान उतरवण्याची परीक्षा वगळून आपण बेगायिमला उत्तीर्ण करणार, असे कळले. कृपया इतके प्रेम करू नये. ती म्हणते, "नापास झाले तरी चालेल आजोबा, पण परीक्षा घ्यायला सांगा."

ता. क. दुसरा. मला उमरा यात्रेचे तिकीट मिळाले आहे. भरवसा सर्वस्वी ईश्वरावरच. तथापि त्या विमानाचा वैमानिक आपला कोणता विद्यार्थी, आणि त्याचे हात सुकाणूला कधी लागले होते काय, हे गुपचूप कळवावे. उत्तर देताना आपल्याला अवघडल्यासारखे झाल्यास मी बेगायिमला नोकरी लागेपर्यंत थांबेन. मक्का जागची हलत नाही.