दम खातानाचं माप

मंगळवार, संध्याकाळ

आजही तेच. सर्जेराव पैलवानानं तोंडाला मास्क लावून जड बार पाच वेळा उचलला, आणि मास्कला जोडलेलं श्वास मोजायचं यंत्र म्हणतं, मेहनतीला प्राणवायू जेमतेमच लागला. खोटं! त्याचा बनियन घामानं पिळण्याइतका भिजला होता.

बार खाली ठेवताच मी मास्क काढायला गेले. तालमीचे वस्ताद ओरडले, "अगं पोरी, थांब की! त्यो आत्ता दम खातोय, आन् तू ताट वडतीस व्हय?"

दम खातोय! मास्क राहू दिला. आकडा चढतच गेला.

प्राणवायूवाचून झालेली मेहनत शरीर नंतर श्वासानं भरून काढतं, हे वर्गात शिकवतं कोण? मीच. आणि रोज ताट ओढत होतं कोण?

उद्यापासून सगळी मापं नव्यानं. आता बरोबरच येणार. पैलवानाचं पोट भरेपर्यंत मास्कला हात लावायचा नाही.