तुझं नाक आणि नव्वदची लेन्स

नंदुरबार,
३ फेब्रुवारी १९६४

प्रिय प्रमिला,

आधी एकच सांगतो, मग बाकीचं. तुझं नाक मोठं नाही. ते मोठं दिसलं त्याला मी कारण आहे, आणि ते कसं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी माझी भिकुताई आपल्या प्रकाशा गावाहून इथे बाजाराला आली होती. तिचं सासर तुमच्याच गल्लीत, त्यामुळे तिला सगळं कळतं. म्हणाली, प्रमिला हल्ली नदीवर येते ती पदर दातात धरून, नाक झाकून. कोणी हाक मारली तरी मान वर करत नाही. एवढं सांगून ती बांगड्या घ्यायला निघून गेली.

तू अशी कधी होतीस? शाळेत असताना मी तापीच्या डोहात उडी मारायची पैज लावली आणि काठावरच पाय घसरून चिखलात बसलो, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसलेली तूच. पुढे पुण्याच्या कॉलेजात गेलो आणि दीड वर्षात परत आलो. नापास झालो असं गावात बोलतात, ते खोटं. हजेरीच्या वेळी 'हजर आहे' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून आपलं अहिराणी 'हाजर शे' निघून गेलं. सगळा वर्ग खिदळला. प्राध्यापक म्हणाले, हे कॉलेज आहे, बैलबाजार नाही. मी म्हणालो, बैलबाजारात माणसं तरी नीट बोलतात, आणि वही बाकावर आपटून निघालो तो थेट स्टेशनवर. दुसऱ्या दिवशी माफी मागितली असती तर भागलं असतं. पण माझा राग उतरायला आठ दिवस लागतात, हे तुला माहीत आहे. घरी आबा बोलेनात, गल्लीतले लोक मला बघून हसू दाबायचे. तू तेवढी विहिरीवर घागर भरता भरता म्हणालीस, 'शे तर शे, त्यामा काय?' त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली.

मग इंद्रसिंगभाऊंनी मला इथे नंदुरबारला त्यांच्या फोटो स्टुडिओत घेतलं. दिवाळीनंतर तुझ्या वडिलांचा, प्रेमचंदकाकांचा निरोप आला, प्रमिलाचा फोटो काढायचाय, शहाद्याच्या स्थळाला पाठवायला. भाऊंना ताप होता म्हणून मी आलो. कॅमेऱ्याला नेहमीची पन्नासची लेन्स. तिच्यात उभा माणूस, जोडपं, बैलजोडी, सगळं बरोबर येतं. पण नुसता चेहरा घ्यायचा तर पार दोन हातांवर जावं लागतं, आणि इतक्या जवळून जे पुढे असतं ते फुगतं, कान मागे पळतात. भाऊंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, 'चार हात मांगे ऱ्हाय, चेहरा मंग कागदवर मोठा कर.' मला ठाऊक होतं ग. पण तू ओट्यावर बसलीस, सकाळचं ऊन तुझ्या एका गालावर होतं, आणि तुला इतक्या जवळून, सगळ्यांच्या देखत बघायची मुभा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. मी सरकत सरकत पुढे गेलो. जसोदाकाकू बोलल्या देखील, 'रतिलाल, फोटो काढी ऱ्हायना का पोरीना नाकमा घुसी ऱ्हायना?' सगळे हसले, तूही हसलीस. मी बारा फोटो काढले. बाराही जवळून.

फोटो धुतल्यावर भाऊ म्हणाले, नाकाच्या कडेला ब्रशनं थोडी सावली भरू, बरं दिसेल. मी भडकलो. तिच्या नाकाला कोणाचा ब्रश लागणार नाही म्हणालो. मला त्या फोटोत काही उणं दिसलंच नाही. दिसणार कसं? मग शहाद्याहून तुमच्याकडे कार्ड आलं, मुलगी कामाची आहे, घर चांगलं आहे, पण नाक फार. खोटं का बोलू प्रमिला, त्या दिवशी मी चौकात उभा राहून जिलेबी खाल्ली. स्थळ फिसकटलं एवढंच मला दिसत होतं. त्या कार्डावरचे तीन शब्द तू रोज आरशात वाचत असशील, हे भिकुताई येईपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या आठवड्यात सकाळच्या गाडीनं सुरतेला गेलो. जुने कॅमेरे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या पारशाचं दुकान भाऊंनी सांगितलं होतं. त्यानं गादीवर तीन लेन्स मांडल्या. लेन्सचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांब उभं राहून चेहरा घ्यायचा. रशियन पंच्याऐंशी बघितली आणि जीव तिच्यावरच बसला. काच कशी, भरल्या विहिरीसारखी. पण ती माझ्या ऐपतीबाहेरची, हातात धरून परत ठेवली. एकशे पस्तीसची सगळ्यात स्वस्त होती, मी घेतोच म्हणत होतो. म्हाताऱ्यानं विचारलं, तुझी खोली केवढी? मी सांगितलं, पडद्यापासून भिंतीपर्यंत सहा हात. तो म्हणाला, मग डिकरा, हिच्यासाठी भिंत फोडून रस्त्यावर उभा राहशील. शेवटी घेतली ती नव्वदची. लढाईच्या आधीची जर्मन, काळा रंग उडून पितळ दिसतंय, आत किंचित धुकं आहे, उजेडही जास्त मागते. पण चेहरा चार हातांवरून घेते आणि जसा आहे तसा घेते. तिच्यासाठी सायकल विकली. आता चालत येतो जातो, बरं वाटतं.

आल्यावर, पुन्हा बाजाराला आलेल्या भिकुताईलाच बसवलं. तिचे दोन फोटो सोबत ठेवलेत, दोन्ही एकाच सकाळचे. एक पन्नासच्या लेन्सनं दोन हातांवरून, दुसरा नव्वदच्या लेन्सनं चार हातांवरून. पहिला बघून ती मला चप्पल घेऊन मारायला उठली होती. दोन्ही शेजारी ठेवून बघ आणि मग आरशात बघ. पदर खाली घे, प्रमिला. दोष तुझ्या चेहऱ्यात नव्हता, माझ्या पायांत होता.

एवढं लिहून थांबलो असतो, पण काल प्रेमचंदकाका स्वतः स्टुडिओत आले. सारंगखेड्याचं स्थळ आहे, मुलगा तलाठी आहे, शुक्रवारी येऊन फोटो काढ आणि या वेळी नीट काढ, म्हणाले. मी हो म्हणालो. या लेन्सनं काढलेला फोटो बघून तिथून नकार येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मुद्दाम वाईट काढणं माझ्या एका बोटाचं काम आहे, पण तसं मी करणार नाही. रागाच्या भरात काही करून बसायचं नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आधी विचारतोय. तुला सारंगखेडा हवं असेल तर तिथल्या माणसाला तू जशी आहेस तशीच दिसशील, माझा शब्द. नको असेल तर मी आबांना सोबत घेऊन काकांशी बोलायला येतो, काय म्हणायचं ते म्हणू देत. शुक्रवारी मी तुमच्या ओट्यावर येणार हे नक्की. गुरुवारपर्यंत भिकुताईला एवढंच सांग, कॅमेरा घेऊन येऊ की कॅमेऱ्याशिवाय.

तुझाच,
रतिलाल