आग लिहिलेली बादली

बाई, नात लिहितेय, मी सांगतेय. अक्षर सुबक आलं तर ते तिचं, आणि गोष्ट वाकडी गेली तर ती माझी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की अंधेरीतली आपली चाळही गेली. तिच्या जागी सात मजले उभे आहेत, त्यात तिसऱ्यावर मी बसलेय.

लढाईचं वर्ष होतं. खिडक्यांना काळे कागद लागले होते. शेवटच्या खोलीत तुम्ही एकट्या राहायचात, सकाळी शाळेत मुलांना शिकवायचात आणि दुपारी आम्हा बायकांना. आग लागली तर काय करायचं, हा विषय. आम्ही तांदूळ निवडत ऐकायचो. "रॉकेल पेटलं तर पाणी नाही, वाळू. माणूस पेटला तर गोधडी. सांगा, काय?" आम्ही एका सुरात, "गोधडी." मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे गोधडी एक आणि माणसं सात. कोणाला पेटू द्यायचं ते आधीच ठरवून ठेवते." सगळ्या हसल्या, तुम्ही नाही. "तुझी जीभ तेवढी तयार आहे, बाकी काही नाही," म्हणालात. ते लागलं, कारण खरं होतं.

मग वेसाव्याच्या कोळणीकडून तुम्ही पाट्या भरून वाळू आणवलीत. आमच्याकडून चाळून घेतलीत, उन्हात वाळवून घेतलीत. खडा नको, ओल नको. ती अंगणात पसरलेली असताना माझं बोट धरलंत आणि वाळूत फिरवलंत. आ. मग ग. "एवढं तरी येऊ दे तुला." तीच दोन अक्षरं चार लाल बादल्यांवर पांढऱ्या रंगात काढलीत आणि वाळू भरून बादल्या नळापाशी टांगल्यात.

आता तुम्हीच सांगा, अशी चाळलेली, कोरडी वाळू कोकणातल्या बाईसमोर टांगून ठेवायची, आणि तिने तीत शेंगदाणे भाजायचे नाहीत? लढाई संपली, काळे कागद निघाले, बादल्या तशाच लटकत राहिल्या. मी एक तपेली वाळू नेली. भाजून काळी झालेली परत कशी टाकणार? म्हणून बादलीत शेगडीची राख भरली आणि वर दोन मुठी वाळू पसरली. पुन्हा नेली, पुन्हा राख. वाटीभर दाणे तुम्हालाही दिले. तुम्ही दारातच उभं राहून खाल्लेत. "मीठ छान लागलंय गं." समुद्राची वाळू ती, बाई. मीठ मी लावलंच नव्हतं. मी म्हटलं, "हाताला चव आहे माझ्या."

तो दिवस मी रोज बघते. संध्याकाळचे पाच. मधल्या खोलीत स्टोव्ह भडकतो, आणि एवढे महिने ऐकलेली शेजारीण त्यावर कळशी ओतते. पाण्याबरोबर जाळ पसरतो. तुम्ही धावत येता, हाताला येईल ती बादली काढता, रिकामी करता. नुसता धुरळा उडतो. जाळ त्यातून वर येतो आणि तुमचा पदर धरतो. आम्ही दहा-बारा बायका. गोधडी कोणी आणत नाही. मीही नाही, माझे हात तोंडावर. शेवटी तुमच्या अंगावर गोणपाट टाकलं ते दूधवाल्याने, ज्याला तुम्ही काहीच शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

या इमारतीतही लाल बादल्या आहेत, जिन्यापाशी. त्यांत पानाच्या पिचकाऱ्या आणि विड्यांची थोटकं. मी वॉचमनला बोलले तर म्हणतो, "आजी, टेन्शन नका घेऊ." नाही घेत. कोणी काही शिकत नाही, बाई. तुम्ही उगाच घसा कोरडा केलात.

तेव्हा चौकशीला एक साहेब आला होता. राख कोणी भरली, म्हणून प्रत्येकीला विचारलं. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "साहेब, राखेचीच बादली असेल ती. वर काय लिहिलंय ते मला अडाणीला काय कळणार?" त्याने मान हलवली आणि पुढच्या दाराशी गेला.

नात विचारतेय, पाठवायचं कुठे. कुठे नाही, डाळीच्या डब्याखाली ठेव म्हटलं. आता विचारतेय, खाली अंगठा उठवणार का. नको. दोन अक्षरं येतात मला, बाई. तेव्हाही येत होती.